डावीकडचा मुलगा

“आई, जप घरी कर. तिथं डोळे उघडे ठेवून खेळ बघ,” मुलानं सकाळी निघताना बजावलं होतं. त्याची ही पहिलीच मोठी टेनिस स्पर्धा, आणि हरला तर आजच स्पर्धेतून बाहेर पडणार होता. पण जपाशिवाय पाणीही न पिणारी मी, ऐकते कसली! खेळ सुरू होताच डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, “डावीकडच्या मुलाला जिंकव, मी देवळापर्यंत अनवाणी येईन.” पोटच्या पोराचं नाव घेतलं असतं तर जीभ झिजली असती का?

टाळ्यांच्या कडकडाटानं डोळे उघडले. डावीकडचा मुलगा हात उंचावून नाचत होता. तो आमचा नव्हता.

“अहो, आपला पलीकडे कसा गेला?”

“अगं, खेळताना सारखी बाजू बदलतात,” ह्यांनी कपाळावर हात मारला. “इतका वेळ कुणासाठी जप करत होतीस?”

देवानं माझा शब्द न् शब्द ऐकला होता. आता माघार कशी घेणार? बाहेर आलेल्या मुलाच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवला, चपला काढून पिशवीत ठेवल्या आणि कुणाला काही न सांगता देवळाच्या रस्त्याला लागले.