पाहुण्यांचं वाय-फाय

मित्रांनो, जुन्या चार्जरांचा गुंता पडलेला एखादा खण उघडा आणि तळाशी हात घाला. हाताला दोन शिंगं लागतील. तोच मी, एक जुना राउटर, घरभर वाय-फाय पुरवणारी पेटी. आता माझा एकही दिवा लागत नाही. पण सांगायचं राहून गेलंय, ते सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा एकाच साच्यातले आम्ही ढीगभर भाऊ होतो. मला नेलं एका वकीलबाईंनी. त्या घरीच पक्षकारांना भेटत. घराच्या भिंती एवढ्या जाड की आत मोबाइलला रेंज म्हणून मिळायची नाही. साधा फोनसुद्धा माझ्यातूनच लागायचा. मग माझा भाव काय विचारता! बाईंचा धाकटा भाऊ या कामात तरबेज. त्यानं माझ्या पाठीला एक हार्ड डिस्क जोडली आणि बाईंची सगळी प्रकरणं तिच्यात नीट लावून ठेवली. मग मला दोन नावं दिली. एक घरच्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या नावानं आत आलेल्याला बाहेरचं सगळं जग दिसे, डिस्क तेवढी दिसत नसे. डिस्कलाही पासवर्ड घालूया, असं तो म्हणाला होता. पण घरातल्या घरात कुलपं कशाला, म्हणून बाईंनीच नको म्हटलं.

बाईंचे वडील म्हणजे अण्णा. माणूस लाख मोलाचा. बाई कोर्टात गेल्या की आल्यागेल्याला खुर्ची, पाणी, चहा तेच बघत. पण पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय काही त्यांच्या पचनी पडेना. ते जरा हळू चालायचं ना! आलेल्या माणसाला कान तुटलेल्या कपात चहा द्यायचा का, असं म्हणत आणि खुशाल घरचा पासवर्ड सांगून मोकळे होत. वर मला थोपटत, ‘बघा, आता कसा पळतो!’ मला कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण दर वेळी डिस्क उघडी पडायची आणि बोंब मारायला मला तोंड नव्हतं. होते ते चार दिवे, आणि त्यांच्याकडे बघतंय कोण?

त्या सुमारास एक शिवणकाम करणारी बाई येत असे, लहान मुलीला घेऊन. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घर सोडून आली होती आणि दुसरीकडे खोली घेऊन लपून राहत होती. तिचा पत्ता वकीलबाईंना ठाऊक होता आणि डिस्कला.

एका दुपारी एक गृहस्थ आला. कडक इस्त्रीचा शर्ट, डाव्या भुवईत जुना वण, बोलणं मधाळ. बाई घरी नाहीत म्हटल्यावर थांबतो म्हणाला. फोनला रेंज नाही म्हणून कुरकुरला, पाहुण्यांचं वाय-फाय फार रेंगाळतंय म्हणाला. अण्णांनी लगेच घरचा पासवर्ड सांगितला.

इतर पाहुणे बातम्या बघत, गाणी ऐकत. हा बाहेरच्या जगात गेलाच नाही. सरळ डिस्ककडे वळला आणि एकेका नावावरून बोट फिरवू लागला. माझे दिवे नुसते फडफडत होते. अण्णा चहा गाळत होते. एका नावापाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं ते प्रकरण उघडलं, पत्ता वाचला आणि फोन खिशात टाकला. मग चहा सावकाश संपवला, कपसुद्धा स्वतः विसळून ठेवला.

"काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो," म्हणाला आणि गेला. अण्णा दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी बाई आल्यावर अण्णा त्या सज्जनाचं वर्णन करू लागले. भुवईतल्या वणापाशी ते पोचले आणि बाईंचा चेहराच उतरला. त्या नवऱ्याचा फोटो त्यांनी कागदपत्रांत पाहिला होता.

"अण्णा, त्याला कुठला पासवर्ड दिलात?"

"घरचाच की."

बाईंनी लगेच त्या बाईला फोन लावला. घंटी माझ्यातूनच जात होती. बराच वेळ वाजली. मग मुलीचा आवाज आला.

"मावशी, थांबा हं. दार वाजतंय, आई उघडायला चाललीय."

"तिला सांग, उघडू..."

तेवढ्यात अण्णांनी माझी वायर खेचली. आपल्या हातून काय घडलं ते त्यांना आत्ता कुठे कळलं होतं. मला बंद केलं की चोरी थांबेल, असं बिचाऱ्यांना वाटलं. पण बाईंचा फोनही माझ्यातूनच चालला होता.

माझे दिवे गेले. मला पुन्हा कुणी लावलंच नाही, त्यामुळे पुढचं मला ठाऊक नाही.

मित्रांनो, पाहुण्याला खुर्ची द्या, चहा द्या, चांगल्या कपात द्या. पण ज्या घरात दुसऱ्याचं गुपित विश्वासानं ठेवलेलं असतं, त्या घरात पाहुण्याला पाहुण्यांचंच वाय-फाय द्या. आणि डिस्कला कुलूप घाला. एवढं कराच.

या खणात दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. ते दार मात्र मला अजून वाजताना ऐकू येतं. तिनं ते उघडलं का, तेवढं कुणीतरी मला येऊन सांगा.