न्हाव्याचा ब्याण्णव वर्षांचा मामा

न्हाव्याची कात्री एक वेळ अडकेल, जीभ अडकायची नाही. लाल वाइनचा रोज एक पेला काळजाला बरा, एवढं त्यानं कुठल्याशा मासिकात उभ्याउभ्या वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या मानेला फडकं बांधता बांधता त्या माहितीला आपला एक मामा जोडून दिला. मामा ब्याण्णव वर्षांचे. जेवताना एकच पेला, पण पायांत असं बळ की रुसलेली गाढवीण खांद्यावर घेऊन टेकडी चढतात. महिन्याभरात टेकडीचा डोंगर झाला आणि गाढवीण गाभण.

थोरल्या बहिणीचा नवरा दाढीला दुकानात यायचा. घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस, मेहुण्याचा शब्द खरा मानणारा. जन्मात थेंब न घेतलेल्या त्या माणसानं रक्तदाबाच्या गोळीवर गुपचूप पेला सुरू केला आणि एके दिवशी चक्कर येऊन न्हाणीघरात पडला. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"यांच्या मामांचा अनुभव आहे," न्हाव्याकडे बोट करून भावोजी कौतुकानं म्हणाले.

"अहो, फायदा होतोच असं खात्रीनं सांगता येत नाही. थोडी पिणारे पुष्कळदा एरवीही नीट खातात, चालतात. श्रेय मात्र वाइनला मिळतं. औषध म्हणून तर कुणी सुरूच करू नये. त्यात तुमची गोळी."

बहीण मामापाशीच अडली होती. "कुठला मामा रे? आईला तर भाऊच नव्हता."

न्हावी फरशीकडे बघू लागला.

"लांबचा असेल गं," भावोजीच त्याच्या मदतीला धावले.

दोन मुस्काटात दिल्या असत्या तर न्हाव्यानं सोसल्या असत्या. ही माया सोसवेना. "लांबचा नाही, भावोजी," तो पुटपुटला. "नाहीच."

भावोजींनी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. "मग दुकानात आणखी कोण कोण प्यायला लागलंय, ते बघ आधी."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत पहिला बसला तो पोस्टमन. न्हाव्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं: मामा रचलेला, पेला सोड, निदान डॉक्टरांना तरी विचार.

पोस्टमन आरशातून हसला. "मामांशी भांडलास वाटतं? सख्ख्या मामाला नाहीच म्हणतोस, लाज नाही वाटत? परवाच पत्र देऊन आलो त्यांना. गडी ताठ आहे अजून."

न्हाव्याचे कान लाल झाले. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला, स्टूल ओढून पोस्टमनच्या समोर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.