पळीभर तूप

रत्नम्मा मुद्दूला पदरात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात शिरली, तेव्हा रावजी डॉक्टर एका बैलाच्या खांद्यावरची सूज दाबून पाहत होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बैल तसाच सोडून पुढे आला. परवाच ही कुत्री याच ओट्यावरून उडी मारून घरी गेली होती. आज तिची मान रत्नम्माच्या दंडावरून लोंबत होती.

“काय झालं?”

“ते तुमी सांगा की मला. काल सकाळी तुमचं औषध दिलं. दुपारपास्नं पाय धड पडंना, दारू प्याल्यावानी झुलायली. मग ओकायली. आता डोळाबी उघडंना.”

रत्नम्मा, गिऱ्हाइकांची अव्वा म्हणजे आई, बाळीवेशीत तूप विकायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती लेक मंद्रूपला दिलेली. घरात दोन म्हशी, तुपाच्या बरण्या आणि ही तांबूस कुत्री. सहा वर्षांपूर्वी म्हशीच्या आंबोणाच्या पाटीत एक पिल्लू झोपलेलं सापडलं, आणि रत्नम्मानं त्याला कानडीत ‘मुद्दू’ म्हटलं, म्हणजे लाडकी. तेव्हापासून रत्नम्मा तुपाची चरवी घेऊन निघाली की मुद्दू चार पावलं पुढे. गिऱ्हाइकं कुत्री दिसली की भांडं काढून ठेवायची. अलीकडे मात्र दोन गल्ल्या झाल्या की मुद्दू मधेच बसायची, म्हणून दवाखाना.

रावजी मूळचा माढ्याचा. मुंबईहून गुरांच्या डॉक्टरीची परीक्षा देऊन सोलापुरात आला त्याला वर्षही झालं नव्हतं. दिलेल्या प्रत्येक औषधाचं पुढे काय झालं ते वहीत लिहून ठेवायची त्याला सवय होती. परवा मुद्दूच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांची अंडी दिसली होती. त्यावरचं औषध नवं होतं, नुकतंच विलायतेहून येऊ लागलेलं. पाण्यासारखं स्वच्छ, गोडसर वासाचं, वजन पाहून अगदी मोजून, जिलेटिनच्या पोकळ गोळ्यांत भरून द्यायचं. कुत्रीला घेऊन रत्नम्मा काट्यावर उभी राहिली होती, आणि नंतर एकटी.

“माजं वजन वहीत लिवू नका,” ती म्हणाली होती.

“लिवलं तर वही फाटंल की,” म्हातारा कंपाउंडर धोंडीराम म्हणाला होता, आणि तिघंही हसले होते.

आज कुणी हसलं नाही. धोंडीरामनं मुद्दूची पापणी उचलून पाहिली. “इखार झालाय अंगात. तांब्याभर म्हशीचं दूध पाजतो.”

“थांबा. आधी कळू दे कशानं झालं,” रावजी म्हणाला.

त्यानं वही काढली. मुद्दूला पुन्हा तोललं. वजन तेच. हिशेब पुन्हा केला, मापाची नळी उजेडात धरून पाहिली. मात्रा बरोबर होती. याच बाटलीतलं औषध त्यानं याआधी अकरा कुत्र्यांना दिलं होतं. अकराही जंत पडून चांगली झाली होती.

“औषधाआधी हिनं काय खाल्लं होतं?”

“काई न्हाय. शिद्धरामाची आण. आदल्या सांजेपास्नं भाकरीचा तुकडा न्हाय.”

“आणि नंतर?”

“तुमी दिलेलं जुलाबाचं मीठ. बास.”

तिचे डोळे सुजलेले होते, पण नजर कुठे हलली नाही. बाई खोटं बोलत नव्हती. मात्रा बरोबर, पोट रिकामं, तरी जनावर मरायला टेकलेलं. कारणाशिवाय असं होत नाही, रावजी स्वतःशी म्हणाला. कारण दवाखान्यात नसेल तर घरात असेल.

त्यानं मुद्दूला स्वतः उचललं आणि रत्नम्माबरोबर निघाला. वेशीजवळ पानाच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, “अहो ढोरडॉक्टर, कुत्रं कडेवर घेऊन कुटं बारशाला?”

“तुला घेतलं न्हाय म्हनून जळतोस व्हय रं?” रत्नम्मा मागे न बघता म्हणाली. पण तिचा हात मुद्दूच्या लोंबत्या मानेखाली गेला.

घरात शिरल्यावर रावजीनं मुद्दूला पोत्यावर निजवलं आणि मधोमध जमिनीवर मांडी घातली.

“अव्वा, काल जसं दिलंत तसं सगळं करून दाखवा. एवढंसंही सोडू नका. समजा, मीच मुद्दू.”

“येडं हाय लेकरू,” ती म्हणाली. पण त्याचं तोंड पाहून तिनं पदर खोचला. गोळ्या म्हणून दोन शेंगदाणे घेतले. पाय पसरून बसली, डाव्या हातानं हवेतच मुद्दूचा जबडा धरला, आणि उजवा हात, तिकडे न बघता, मागच्या फळीवर गेला. बरणीचं झाकण निघालं. शेंगदाणे बरणीत बुडाले. मग पळी भरून वर आली.

“हे काय?”

“तूप.” तिला प्रश्नच कळला नाही. “एवडं कडक औषध कोरडं कोन देतं? आतडी जळतील की. माज्या सासूनं बाळंतपणात मला काढाबी तुपाबिगर दिला न्हाय. गोळी बुडवून दिली, वर ही पळीभर. ताजं कढवल्यालं. गिऱ्हाइकाला देत न्हाय मी हे.”

“पण मी विचारलं तेव्हा...”

“खाल्लं काय म्हनून इचारलं तुमी. हे औषधातलंच की.”

रावजीच्या पुस्तकात एकच ओळ होती आणि त्यानं ती पेन्सिलीनं अधोरेखित केली होती: या औषधाबरोबर कोणताही स्निग्ध पदार्थ देऊ नये. एरवी ते आतड्यातल्या जंतांना मारून बाहेर पडतं. तेल-तूप मिळालं की त्यात विरघळून रक्तात उतरतं आणि यकृत जाळतं. त्यानं तिला फक्त रिकामं पोट सांगितलं होतं. वासावरून सुद्धा ज्या बाईचा धंदा ओळखू यावा, तिला त्यानं तुपाचं सांगितलं नव्हतं.

रत्नम्मा त्याच्या तोंडाकडे बघत होती. पळी तशीच हातात.

“म्हंजे माज्या तुपानं?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं तर अशक्त झाली म्हणून ही बाई संध्याकाळी पुन्हा बरणी उघडणार.

“तुपानं,” तो म्हणाला. “पण ते सांगायचं काम माझं होतं, अव्वा. मी वाचलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

तिनं पळी बरणीत परत ठेवली. बराच वेळ झाकणच बसेना.

“मरंल का?”

“आज सांगता येत नाही. चार दिवस काढायला हवेत. त्यात तूप नाही, लोणी नाही, साय नाही, दूधसुद्धा नाही. गुळाचं पाणी, ज्वारीची पातळ पेज आणि दवाखान्यातून पाठवतो ती पांढरी पूड दोन वेळा. डोळे पिवळे होतील, घाबरू नका.”

“अशक्त जिवाला तूप द्यायचं न्हाय?”

“नाही.”

“मग माज्यापाशी काय हाय तिला द्यायला?”

रावजीनं मुद्दूचं पोतं तिच्याकडे सरकवलं. तो म्हणाला, “जवळ बसा.”

दुसऱ्या दिवशी मुद्दूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. रावजी सकाळी आला, दुपारी आला. गुळाचं पाणी गालाच्या फटीतून थेंबथेंब आत जात होतं, पेज मात्र ती तोंडातून बाहेर लोटत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. खाल्लं नाही तर यकृताला सावरायला बळ कुठून येणार, हे रावजीला ठाऊक होतं, आणि त्याच्याजवळ यावर दुसरं औषध नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला, तेव्हा फळी रिकामी होती. एकही बरणी नव्हती. चरवीही नव्हती. रत्नम्मा चुलीपाशी बसून राखेनं हात घासत होती, कोपरापर्यंत.

“बरण्या कुठं गेल्या?”

“शेजारी गंगम्माकडं. समद्या.”

“आणि गिऱ्हाईक?”

“येईल तर येईल, न्हायतर जाईल.” तिनं हातावर पाणी ओतलं. “सकाळी तिनं माज्या बोटाला नाक लावलं, डाक्टर. हुंगलं. चार दिसांत पैल्यांदा. माजा हात बरणीत गेला बगा. बोट भरलं. तिच्या तोंडापतूर नेलं अन् मग... मला माजा भरवसा न्हाय. म्हनून घरातच नको म्हटलं.” ती पुन्हा राख घेऊ लागली. “किती घासलं तरी वास जाईना. तीस वर्सं मुरलाय.”

रावजीनं तिचा हात धरला. तळवा नाकाजवळ नेला. स्वच्छ, राखेनं लाल झालेला, कोरडा. आणि तरी खमंग.

“घासू नका,” तो म्हणाला. “पेज आणा. वाटीत नको, तळहातावर घ्या.”

“तिनं परवापास्नं तोंड लावलं न्हाय पेजेला.”

“कालपर्यंत तुम्ही वाटीनं देत होता.”

ती पोत्यापाशी बसली. ओंजळीत कोमट पेज घेतली आणि मुद्दूच्या नाकापुढे धरली. कुत्री हलली नाही. पेज बोटांच्या फटीतून मातीवर ठिबकू लागली. मग नाकपुडी हलली. एकदा, पुन्हा एकदा. जीभ बाहेर आली, तळव्याला लागली, थांबली, आणि मग पेज चाटू लागली.

“ए मुद्दू,” रत्नम्मा पुटपुटली. “तूप न्हाय गं ते. नुसता वास हाय, बाई. फसलीस की.” तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता आणि ती हात हलवायला तयार नव्हती. रावजीनंच वाकून तिच्या पदराच्या टोकानं ते पुसलं.

आठवडाभरानं डोळ्यांतला पिवळेपणा निवळत आला. मुद्दू उंबऱ्यापर्यंत चालत जायची, ऊन पाहून परत यायची. त्या दिवशी रत्नम्मानं रावजीला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं भरीत. भाकरीवर काही नाही.

“अजून किती दिस न्हाय द्यायचं?”

“महिनाभर तरी.”

“मग म्हैनाभर बरण्या तितंच. गंगम्मा शिव्या देती, तिला सैपाकघरात पाय ठेवाया जागा न्हाय. देऊ दे.” ती ताटाकडे बघून कानकोंडी झाली. “तुपाच्या घरात पावना कोरडी भाकरी खातोय. माज्या मालकानं मला उबं केलं नसतं. गंगम्माकडनं वाटीभर आनू का?”

मुद्दू येऊन रावजीच्या गुडघ्याला टेकून बसली होती आणि प्रत्येक घासाबरोबर मान वरखाली करत होती.

“नको,” रावजी म्हणाला. “चटणी वाढा.”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि नीट चावून खाल्ला. रत्नम्मानंही आपलं ताट ओढलं आणि त्याच्यासमोर बसून कोरडी भाकरी मोडली.