गेरसकोनचं झाकण

"मी गेरसकोन, सिदोन बंदराचा व्यापारी. माझ्या गलबतांना समुद्रसुद्धा वाट देतो. माझी ही शवपेटी जो उघडेल, त्याला सूर्याखाली वंश न लाभो आणि पाताळात अंथरूण न लाभो. ही अक्षरं जो मिटवेल, त्यालाही तेच!"

झाकणावर असं खणखणीत कोरलेलं होतं, आणि त्याच झाकणाखालून खुद्द गेरसकोन ओरडत होता,

"अरे मेल्यांनो, उघडा!"

माप बघायला म्हणून सकाळी तो स्वतःच आत आडवा झाला होता. झाकण टेकवा, नाक घासतं का ते कळेल, हा हुकूमही त्याचाच. पाथरवट बालशिलेकने बोटभर फटीसाठी पाचर सारली, दोर सैल सोडले, झाकण बसलं. ते परत उचलायची वेळ आली, तेव्हा मात्र सगळ्या मजुरांना आपल्याला वाचता येतं हे एकदम आठवलं.

"मालक, माझी धाकटी अजून पाळण्यात आहे," एकजण म्हणाला.

"माझं तर लग्नच व्हायचंय," दुसरा म्हणाला.

"मी जिवंत आहे, गाढवांनो! जिवंत माणसाला कसला आलाय शाप!"

"तसं कोरून घ्यायला हवं होतं," बालशिलेक म्हणाला. "मी विचारलं होतं. पळवाट ठेवू नकोस म्हणालात."

ऊन चढलं, दगड तापला. आतल्या शिव्या विरळ होत गेल्या. बालशिलेक फटीतून ओलं फडकं पिळत राहिला. शेवटी घरची स्वयंपाकीण घाबरून धावत सुटली आणि अरिशतला घेऊन आली.

अरिशत ही गेरसकोनची एकुलती एक मुलगी. जांभळं कापड राजेरजवाड्यांना विकून हवेली बांधलेल्या बापाला ते कापड रंगवणारा जावई चालला नव्हता. लग्नापासून त्या घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती. ती आली तसा, जांभळा रंग ज्यांतून निघतो त्या शिंपल्यांच्या कुंडांचा वासही आला. तिने मजुराच्या हातातली पहार ओढून घेतली.

"व्हा बाजूला."

"कोण आहे?" आतून क्षीण आवाज आला.

"मी आहे, बाबा."

फटीशी आतून बोटं आली. मग एकदम,

"तू हात लावू नकोस!"

अरिशत जागच्या जागी थांबली. "गुदमरून मराल, पण रंगाऱ्याच्या बायकोचा हात नको? अजूनही?"

"मूर्ख पोरी, दगडावर काय कोरलंय ते वाच! तुला दिवस गेलेत ना? बाजारात ऐकलं मी. मागे हो म्हणतो ना!"

तिने पहार हळूच खाली ठेवली. झाकणावर बापाचा दगडी चेहरा होता. त्याच्या तापलेल्या गालावर तिने तळवा टेकवला, आणि चटका बसला तरी उचलला नाही.

बालशिलेक खाकरला. "मिटवता तर येणार नाही, मालक. पण पुढे भर घालता येईल. भर घालणाऱ्याला शाप द्यायचा तुम्ही विसरलात."

"मग घाल ना! कोर, 'माझ्या मुलीखेरीज.'"

"मुलीचं नाव?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून भागत नाही. मालकाने तोंडाने उच्चारल्याशिवाय आम्ही नावाला छिन्नी लावत नाही."

मजूर आपापल्या पायांकडे बघू लागले.

"अरिशत," फटीतून आलं. "अरिशत आणि तिची मुलंबाळं."

छिन्नी चालू लागली.

"आणि जावई?" बालशिलेकने विचारलं.

"जागा नसेल ना?"

"भरपूर आहे."

आत एक लांब सुस्कारा. "मग कोर. बारीक अक्षरांत."

शेवटचं अक्षर उमटलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. अरिशतने पहार सारली, आणि पहारीला पहिला हात तिचाच, म्हणजे उघडणारी तीच, म्हटल्यावर मजुरांनाही जोर चढला. झाकण सरकलं. गेरसकोन उठून बसला. दाढीत दगडाची पूड, डोळे लाल. तो मुलीच्या पोटाकडे बघत राहिला. तिने जांभळ्या नखांचा हात पुढे केला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला. आता मालक काहीतरी मोठं बोलणार म्हणून सगळे थांबले.

"बाकीचं मागाहून," गेरसकोन पुटपुटला. "आधी मला त्या भिंतीआड घेऊन चल. सकाळपासून लघवी तुंबलीये."