त्रेचाळिसावं नाव

"ही खालची जागा रिकामीच आहे की," स्मारकाच्या दगडावर बोटाने ठोकत बर्फवाला म्हणाला. "एक नाव इथं आरामात बसेल."

पेंटर पत्र्याच्या तुकड्याने दगडावरची पक्ष्यांची घाण खरवडत होता. त्याचा हात जागीच थांबला. ती जागा त्याला पाठ होती. एका ओळीत दोन नावं, अशा एकवीस ओळी, आणि त्यांच्या खाली चार बोटं कोरा दगड. गेली पस्तीस वर्षं तो ही अक्षरं काळ्या रंगाने भरत आला होता आणि दर वर्षी त्या चार बोटांपाशी येऊन ब्रश पुसून ठेवत होता.

"कुणाचं नाव?" त्याने विचारलं. पन्नास वर्षांनी का होईना, ह्या माणसाला पाझर फुटला की काय!

"कुणाचं म्हणजे? तिचं! कादंबरीतल्या पोरीचं."

आता ह्याला काय म्हणायचं? पेंटरला आधी थट्टाच वाटली. पण बर्फवाला गंभीर होता. बर्फाच्या कारखान्याचा मालक, शिवाय स्मारक समितीचा अध्यक्ष. थट्टा करायला त्याला वेळ कुठला?

ह्या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येतं, तेही हरलेल्या आरमाराच्या बंदरांच्या यादीत, तळाला. त्यानंतर जगाने ते ऐकलं ते पन्नास वर्षांपूर्वी, बाजारच्या दिवशी लाँच उलटली तेव्हा. पुढची कित्येक वर्षं गावचा माणूस परगावी गेला, की "ते लाँच बुडालेलं गाव का?" हेच ऐकायचा. मग कुणा लेखकाने गावाचंच नाव देऊन चारशे पानांची कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमा निघाला, आणि सगळं उलटंपालटं झालं. कादंबरीतली पोरगी प्रियकराला भेटायला त्याच लाँचवर चढते आणि बुडते. आता गाड्या भरभरून लोक येतात, धक्क्यावर हात पसरून फोटो काढतात आणि दगडावर तिचं नाव शोधतात. सापडलं नाही की हिरमुसतात. खऱ्या माणसांच्या नावांवर आइस्क्रीमची चिकट बोटं फिरवतात, दगडाच्या आडोशाला लघवीला बसतात. ते सगळं धुवायचं पेंटरने.

"अरे, ती खरी नव्हती," पेंटर म्हणाला.

"लोकांना खरी वाटते ना? मग झालं तर! पन्नासावं वर्ष आहे, स्वतः लेखक येणार आहेत."

"आणि माझा बाप? तो तरी खरा होता ना? की तोही कुणी लिहिला होता?"

"झालं! पुन्हा तेच दळण."

दळण तर दळण. बुडाले त्रेचाळीस आणि दगडावर बेचाळीस. त्रेचाळिसावा लाँचचा तांडेल, सुकाणू धरणारा, पेंटरचा बाप. तीस माणसांच्या लाँचमध्ये सत्तर कोंबायला सांगितलं लाँचच्या मालकाने, म्हणजे ह्याच बर्फवाल्याच्या वडिलांनी. चौकशीत दोषी ठरला तांडेल. मेलेला माणूस काय बोलणार? तेव्हा पेंटर सात वर्षांचा होता. बाकीच्यांच्या पोरांनी त्याच्याशी खेळणं सोडलं, आणि मोठेपणी त्याच बाकीच्यांची नावं रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. वर त्या कादंबरीतला तांडेल दारू पिऊन तर्र! दारूच्या नुसत्या वासाने ज्याला उलटी यायची, तो माणूस!

"हे बघ," बर्फवाल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "तू नाही म्हणालास तर शहरातून मशीनवाला येईल. तो अख्खा दगड घासून गुळगुळीत करणार आणि सगळी नावं नव्याने कापणार. आणि तू केलंस, तर दगडाच्या मागच्या बाजूला तुझ्या बाबांचं नाव घाल. समितीत मी सांभाळून घेतो. शब्द देतो तुला."

खांद्यावरचा तो हात झटकून टाकावासा वाटला. पण पेंटरने झटकला नाही.

घरी आईला सांगितलं. आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती म्हणाली, "मागे का रे? चोरासारखं?" मग स्वतःच म्हणाली, "बरं, मागे तर मागे. पण आधी त्यांचं घाल, मग बाकीचं काय करायचं ते कर. आणि मला घेऊन चल. हात लावून बघते."

इथंच पेंटर चुकला. दर्शनी बाजू पुरी झाल्याशिवाय मागच्या बाजूला छिन्नी लावायची नाही, ही त्याची उभ्या जन्माची सवय. तीन दिवस तो त्या कधीच न जन्मलेल्या पोरीचं नाव कोरत बसला. आणि चिडून वेडंवाकडं तरी कोरावं? छे! सुबक, एका रेषेत, जीव ओतून. हातच तसा, त्याला खोटं काम येत नव्हतं. स्वतःच्या हाताची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

कार्यक्रमाच्या सकाळी त्याने त्या नावात काळा रंग भरला, छिन्नी-हातोडी घेतली आणि दगडाच्या मागे गेला. मागे स्टीलची चकचकीत पाटी ठोकलेली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आठ स्क्रू. वर सिनेमा कंपनीचं नाव, खाली बर्फाच्या कारखान्याचं.

"काल संध्याकाळीच बसवली," बर्फवाला खुर्च्या मांडून घेता घेता म्हणाला. "ऐन वेळी ठरलं रे. पुढच्या वर्षी बघू."

"तू शब्द दिला होतास."

"अरे, आज तरी तोंड वाकडं करू नकोस! पाहुणे आलेत."

पाहुणे खरंच आले होते. लेखक मऊ आवाजाचा, सभ्य माणूस निघाला. कोरलेलं नाव बघून त्याचे डोळे पाणावले. "काय सुंदर हात आहे तुमचा," तो म्हणाला.

"आमचं गाव कसं सापडलं तुम्हाला?" पेंटरने विचारलं.

"नकाशात. नाव उच्चारायला छान वाटलं. मग जुन्या वर्तमानपत्रात लाँचची बातमी मिळाली."

"आणि तांडेल प्यायलेला होता, ते कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी? कथेत कुणाची तरी चूक लागतेच ना." लेखक ओशाळून हसला. "का हो, तुम्ही ओळखत होता त्यांना? काय नाव होतं त्यांचं?"

चारशे पानं लिहून हा माणूस नाव विचारत होता! धक्क्याच्या कडेला जाऊन पेंटर समुद्रात थुंकला.

वळून बघतो तर आई. त्याची वाट न पाहता काठी टेकत एकटीच आली होती. हात पुढे करून ती थेट दगडाच्या मागे गेली. तिची बोटं पाटीवरून घसरली. "हे पत्र्यासारखं काय लावलंय?" असं पुटपुटत ती वळसा घालून पुढे आली, वाकली आणि खालच्या कोऱ्या जागेवर हात ठेवला. तिथं आता अक्षरं होती. वाचायला ती कधी शिकलीच नव्हती.

"अरे!" आई ओरडली. "पुढेच घातलंस की रे! सगळ्यांबरोबर घातलंस!"

ती हसत होती. एवढं तोंडभर हसलेली आई पेंटरने कधी पाहिली नव्हती. तिची बोटं एकेका अक्षरातून हळूहळू फिरत होती आणि ओला रंग तिच्या बोटांना लागत होता.

बर्फवाला पेंटरच्या कानाशी लागला. "असू दे रे. म्हातारीला बरं वाटतंय. कशाला बोलतोस?"

एवढं ऐकलं मात्र, पेंटरच्या डोक्यात तिडीक गेली. आईलाही आता ह्यांचंच खोटं पाजायचं?

"आई," तो म्हणाला, "ते बाबांचं नाव नाही."

"मग कुणाचं?"

"कुणाचंच नाही. अशी कुणी नव्हतीच."

आईची बोटं थांबली. "कोरलं कुणी?"

"मीच."

आईने काठी दगडाला टेकवली आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.

"पूस," ती म्हणाली.

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तिची बोटं एकेक करून पुसायला लागला. तिकडे माईक सुरू झाला. लेखकाने गावाचं नाव उच्चारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बोटं साफ झाली, पण नखांतला रंग निघेना. त्याने चिंधी पुन्हा भिजवली. आई हात पुढे धरून तशीच उभी होती.