सूर्याचा सातबारा

वणीतल्या एका खासगी शाळेत राजदीप चित्रकला शिकवायचा. शाळा सुटली की घरी येऊन पळसवीर काढायचा. पळसवीर हा त्याचा स्वतःचा महानायक. वर्षानुवर्षं आतून धुमसणाऱ्या एका बंद खाणीतून हा केशरी अंगाचा तरुण बाहेर आला होता. कोळशाच्या धुळीतून उडत यायचा, लोकांना वाचवायचा आणि वऱ्हाडीत बोलायचा. दर पंधरवड्याला राजदीप त्याची आठ-दहा पानं मोबाईलवर टाकायचा. वाचणारे म्हणजे त्याचे विद्यार्थी, दोन-चार शिक्षक आणि यवतमाळचे मावसभाऊ.

पळसवीरकडे सगळं होतं, फक्त तोडीस तोड शत्रू नव्हता. तो ब्रेक निकामी झालेले ट्रक थांबवायचा, पुरातून बकऱ्या काढायचा. शेवटी शाळेतल्या एका मुलीनेच विचारलं, "सर, याच्यासमोर कोणी तगडा आदमी काहून नाही आणत?"

राजदीपने घरी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याची धाकटी बहीण उर्वशी जेवता जेवता म्हणाली, "मी काढून देऊ का? मले असे लय माहीत आहेत."

ती बसस्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होती. दिवसभर पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करायचे, मागे वाघ नाहीतर उगवता सूर्य लावायचा, खाली शुभेच्छुकांचे फोटो मानाप्रमाणे लहानमोठे करायचे, हे तिचं काम. राजदीपला तेव्हा पेपर तपासायचे होते. "काढ," तो म्हणाला. "पण लवकर दे."

तिने दौलतजंग काढला.

काटकुळा, पांढऱ्या सफारीतला, केस चापून बसवलेले. हात सदा जोडलेले आणि जोडलेल्या दहाही बोटांत अंगठ्या. तो ओरडायचा नाही. सगळ्यांना 'आपण' म्हणायचा. जिल्ह्यातल्या विहिरी, रस्ते आणि वारासुद्धा त्याने आधीच विकत घेतला होता. पहिल्याच पानावर तो तलाठ्यासमोर अदबीने बसलेला होता आणि म्हणत होता, "साहेब, तेवढा सूर्याचा सातबारा आमच्या नावावर करून द्या. वारसांची हरकत असेल तर वारस राहणार नाहीत, याची काळजी आम्ही घेतो. आपण फक्त सही करा."

राजदीपच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्याने आईलाही वाचून दाखवलं. आई, नलूबाई, म्हणाली, "अशाले मी पाह्यलं आहे कुठंतरी."

मग ठरलंच. पळसवीर राजदीपने काढायचा, दौलतजंग उर्वशीने.

दोन-तीन भागांतच वाचणारे वाढले. वणीचे, मग चंद्रपूरचे, मग ज्यांना वऱ्हाडी धड कळतही नव्हती असे. 'आपण फक्त सही करा' हे कॉलेजातली पोरं एकमेकांना म्हणायला लागली. मुकुटबनच्या एका पेंटरने कोळशाच्या ट्रकमागे दौलतजंगचे जोडलेले हात रंगवले. राजदीप शाळेत जाताना तो ट्रक त्याच्या पुढेच होता. रेल्वे फाटकापर्यंत तो त्या अंगठ्यांकडे बघत, धूळ खात मोटारसायकल चालवत राहिला. ओव्हरटेक करायला जागा होती, तरी.

सकाळी तोंड धुण्याआधी तो मोबाईल उघडायला लागला. शंभर जण दौलतजंगबद्दल लिहायचे, पळसवीरबद्दल एखादाच. एकाने लिहिलं होतं, 'पळसवीर आला की मी पानं पटपट सरकवतो.' हे वाक्य त्याने इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. त्या माणसाचं नाव, गाव, त्याच्या लग्नाचे फोटो, सगळं त्याने शोधून बघितलं.

उर्वशीला चित्र काढायला त्यानेच शिकवलं होतं. पाटीवर तिचा हात धरून पहिला पक्षी त्यानेच काढवून घेतला होता. तिला अजूनही माणसाचे पाय जमायचे नाहीत. म्हणून दौलतजंग कायम टेबलामागे, पायऱ्यांमागे नाहीतर धुरात उभा असायचा. वाचकांना वाटायचं, काय रुबाब आहे! खरं कारण एकट्या राजदीपला माहीत होतं आणि ते आठवलं की त्याला बरं वाटायचं.

नागपूरला कॉमिक्सवाल्यांचा एक मेळावा झाला. दोघांना एक टेबल मिळालं. राजदीपने इस्त्रीचा कुर्ता घातला होता. उर्वशी नेहमीच्याच कपड्यांत आली होती. दुपारी कॉलेजच्या मुलींचा घोळका आला. त्यातली एक राजदीपला म्हणाली, "दादा, थोडं सरकता का? आम्हाला ताईंसोबत फोटो पाहिजे."

तो सरकला. मग म्हणाला, "मी पाणी आणतो." बाटली भरलेलीच होती. तो ती घेऊन बाहेर गेला, झाडाखाली ओतली आणि पुन्हा भरून आणली.

परतताना बसमध्ये उर्वशी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. खांदा अवघडला तरी तो हलला नाही. पण मनात एकच येत होतं, हिला झोप कशी लागते?

महिन्याभराने शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याला फोन आला. पानांखाली नंबर त्याचाच असायचा.

"मी पुण्याहून सुरभी बोलतेय. आमचं छोटंसं प्रकाशन आहे. आम्हाला दौलतजंगवर स्वतंत्र पुस्तक करायचंय. त्याचं बालपण, त्याने पहिली वस्तू कशी बळकावली, असं सगळं. उर्वशीताईंशी बोलता येईल का?"

"आणि पळसवीर?" राजदीपने विचारलं.

"तो नसला तरी चालेल," ती सहज म्हणाली.

राजदीप खिडकीपाशी गेला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, आपण विचारलंत हेच खूप आहे. पण तिला सध्या जमणार नाही. तिचाच निरोप आहे, असं समजा. आपण समजून घ्याल."

त्याने फोन ठेवला. ती परत फोन करेल, या भीतीने तो दोन दिवस नीट जेवला नाही. फोन आला नाही, तसा तो मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी उर्वशी म्हणालीसुद्धा, "दादा, आज लय खुश दिसून राह्यला?"

"काही नाही. सुट्ट्या लागून राह्यल्या ना."

सुट्ट्यांत उर्वशी मैत्रिणीच्या लग्नाला मुकुटबनला गेली. ती गेली त्याच दुपारी राजदीपने दार लावून घेतलं आणि दौलतजंगला मारायला बसला.

त्याने त्याला टेबलामागून ओढून बाहेर काढलं. अनवाणी केलं. कपाशीच्या वावरातून पळवलं. फुफाट्यात रुतणारे, भेगा पडलेले ते पाय त्याने इतके सुंदर काढले की स्वतःच थोडा वेळ बघत बसला. अंगठ्या एकेक करून गळाल्या. शेवटी दौलतजंग गुडघ्यांवर आला आणि रडत म्हणाला, "मले माफ करा, मी चुकलो." पळसवीरने त्याला धुमसत्या खाणीत ढकललं. शेवटच्या पानावर फक्त पळसवीर होता, अख्ख्या पानभर.

दोन दिवसांनी भाग टाकून तो अंघोळीला गेला. परत आला तर मोबाईल भणभणत होता.

'हा कोण? आमचा दौलतजंग रडत नाही.' 'हे उर्वशीताईंनी काढलेलं नाही.' 'सर, तुम्ही थकलात का?' मुख्याध्यापक वामनराव कधी काही वाचत नसत. त्यांनीही फोन केला. "राजदीप सर, हे काय केलं हो? घरी नातू रुसून बसला आहे माहा."

उर्वशी दुसऱ्या दिवशी आली. लग्नाच्या मांडवातच कुणीतरी तिला दाखवलं होतं. बॅग खाली न ठेवता ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"दादा, मारला तं मारला. पण त्याले रडवला कायले?"

"व्हिलन आहे तो. कधी ना कधी मरणारच."

"मराले माही ना कुठं आहे? मले एकदा विचारलं असतं. तो मरताना यमालेबी बसाले खुर्ची देते, चहा सांगते, अन् म्हणते, आपण फक्त सही करा. स्वतःच्या सरणाचे लाकडं स्वतःच्याच वखारीतून दुप्पट भावानं विकते तो!" तिचा आवाज फुटला. "तू त्याले भलत्याच माणसाचं मरण दिलं."

दोन दिवस घासून राजदीपने जे केलं होतं, त्याहून चांगलं मरण ती बॅग हातात धरून, रडता रडता सांगून गेली होती. त्याला लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी वाटलं, हे मला का सुचलं नाही?

आठवडाभर दोघं बोलले नाहीत. मग आला रविवार. राजदीप बाजारातून भाजी घेऊन आला तर दारात अनोळखी चपला होत्या. आत खुर्चीवर एक चष्मेवाली बाई बसली होती. नलूबाई तिला पोहे देत होती.

"ताडोबाला निघालो होतो," ती बाई उर्वशीला सांगत होती. "म्हटलं, वणी वाटेतच आहे. तुम्ही पुस्तकाला नाही म्हणालात, पण दौलतजंगचं ते मरण वाचलं आणि राहवलं नाही. म्हणून सरांना फोन न करता फ्लेक्सच्या दुकानातून पत्ता घेतला आणि सरळ आले."

उर्वशीने मान वळवली. राजदीप दारातच उभा होता. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर लोंबत होती.

"दादा," ती हळू म्हणाली, "ह्या मॅडम म्हणतात, मी पुस्तकाले नाही म्हटलं. कधी म्हटलं मी?"

सुरभीने दोघांकडे बघितलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मॅडम, माहा होकार आहे," उर्वशी म्हणाली. "आजपासून तुम्ही माह्याच नंबरवर फोन करा."

बाई गेल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली. "काहून केलं असं?"

"तुले सगळे विचारतात," राजदीप जमिनीकडे बघत म्हणाला. "मले कोणीच विचारत नाही. सुरू मी केलं होतं, उर्वशी. हे सारं मी सुरू केलं होतं."

"मंग? मी तुह्या हातातून हिसकलं का काही? तूच म्हणला होता ना, काढ म्हणून?"

"हो."

"मंग मले तोंडावर सांगायचं होतं, जळून राह्यलो म्हणून! मी तुले दोन शिव्या दिल्या असत्या अन् झालं असतं. तू माह्या नावानं खोटं बोलला."

नलूबाईने सगळं ऐकलं होतं. ती राजदीपशी दोन दिवस बोलली नाही. ताट वाढायची आणि परत चुलीपाशी जाऊन बसायची. तिच्या रागावण्यापेक्षा ते ताट गिळणं अवघड होतं.

उर्वशीने वाटणी केली. दौलतजंग तिचा, पळसवीर त्याचा. एकमेकांच्या पानांवर जायचं नाही. तिने दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला आणि पुढच्या खोलीत पुस्तकाला बसली. मधली भिंत पातळ होती. काम मनासारखं झालं की ती स्वतःशीच हसायची आणि ते हसू राजदीपला ऐकू यायचं. तो पळसवीरसाठी नवा शत्रू शोधत होता. एक राक्षस काढला, एक यंत्रमानव काढला. दोघांनाही कुणी विचारलं नाही.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी ती त्याच्या दारात आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"एक पान पाहून देतं का? फसून राह्यलं. दुसऱ्या कोणाले विचारू?"

त्याने पान हातात घेतलं. पोरवयातला दौलतजंग गावची विहीर बळकावतो तो प्रसंग. विहिरीच्या काठावर उभा राहून पोरगा खदाखदा हसत होता. राजदीपला पहिल्या नजरेतच चूक दिसली. पुस्तकाचा सगळा जीव त्या पानावर होता आणि ते पान खोटं होतं.

"मस्त आहे," तो म्हणाला.

"खरंच?"

"हो. जाऊ दे असंच."

ती पान घेऊन गेली. राजदीप खुर्चीत बसून राहिला. पुस्तक येईल, या पानावर येऊन लोक थांबतील, कुठंतरी खटकलं म्हणतील. एवढंच व्हायला हवं होतं त्याला. त्यासाठी काही करायचंही नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता आणि ती पुढच्या पानाला लागली होती.

तो उठला आणि तिच्या खोलीत गेला.

"त्याले हसवू नको," तो म्हणाला. "ज्याले दुसऱ्याचं पाह्यजे असते ना, तो हसत नाही. त्याचं तोंड कोरडं पडते. तो विहिरीकडं पाहतच नाही. जो पाणी भरून राह्यला त्याच्या हाताकडं पाहते. अन् त्याले वाटते, हा हात माहा काहून नाही?"

उर्वशीने पेन थांबवलं. तिने त्याचा चेहरा निरखला.

"बस तिथं," ती म्हणाली. "उजेडाकडं तोंड कर. अन् हलू नको."

तो स्टुलावर बसला. ती त्याचा चेहरा काढायला लागली. मध्येच खोडायची, पुन्हा वर बघायची. रेघ कशी सरसर उतरत होती तिच्या हातातून! इतकी सहज त्याच्या हातून कधीच उतरली नव्हती. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"हां, असंच," उर्वशी म्हणाली. "असंच पाहत राय."