बार्शीटाकळीची खाण

कंपनी लोखंडाची, खाण तिची चांद्याच्या जंगलात, आणि विभागीय कचेरी कुठं, तर अकोल्यात! कारण साहेब उत्तमरावांची सासुरवाडी अकोल्याची. जंगलात डास फोडून खातात, अकोल्यात सासू पुरणपोळी वाढते. आता साहेबानं कुठं बसावं, तुम्हीच सांगा.

कचेरी म्हटली की काम दाखवणं आलं. ते दाखवायला देवमन होता. तीन वर्षं रोजंदारीवर तो अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या शिवारात लोखंड शोधायला खड्डे खोदत होता. खड्ड्याच्या चारही भिंतींतून एकेक दगड घ्यायचा, तळातून एक, आणि पिशवी तपासायला कलकत्त्याच्या मुख्य कचेरीला धाडायची. ही रीत एका म्हाताऱ्या तज्ज्ञानं शिकवली होती आणि देवमननं ती एकदाही चुकवली नव्हती. कलकत्त्याचं उत्तरही एकदा चुकलं नाही: काळा दगड, निकामी.

देवमनला लोखंडाशी देणंघेणं नव्हतं. त्याला पक्क्या नोकरीचा कागद हवा होता. नांदगाव खंडेश्वरचे डोमाजी तो कागद पाहिल्याशिवाय लेक ललिता द्यायला तयार नव्हते, आणि देवमनच्या मनात दुसरी कोणी नव्हती.

अशात कलकत्त्याहून पत्र आलं: यंदा लोखंड निघालं नाही तर अकोल्याची कचेरी बंद. उत्तमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चांद्याच्या खाणीतून लोखंडाच्या लाल दगडाचं पोतं मागवलं आणि हे आपल्याच खड्ड्यातलं आहे, तशी चिठ्ठी बांध, असं देवमनला सांगितलं.

"सायेब, हे तं इथलं नाही."

"तुले पक्कं व्हायचं हाये का नाही?"

देवमननं चिठ्ठी बांधली. शरमेनं मेल्यासारखं झालं त्याला, पण बांधली.

कलकत्ता खूश! मोठे साहेब मोटारीतून आले. काळ्या रानातला काळा खड्डा पाहिला आणि काय समजायचं ते समजले. पण वऱ्हाडात लोखंड सापडल्याचं त्यांनी आधीच दिल्लीला कळवून टाकलं होतं. मग काय, त्यांनी खड्ड्याला हार घातला, फोटो काढला आणि चहा पिऊन गेले.

खाण उघडली. आता सकाळी चांद्याचा ट्रक लाल दगड खड्ड्यात ओतायचा आणि देवमन दिवसभर तो उपसून वर काढायचा. शेजारच्या मळ्यातले नत्थुजी वांगी तोडता तोडता विचारायचे, काहून बाप्पा, भरून राहिला का खोदून राहिला? पण कागद आला, शिक्क्यासकट! आई चतुराबाईनं तो बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवला आणि लग्नाची तारीखही धरली.

महिनाअखेर नमुन्याची पिशवी भरायची वेळ आली. देवमनचा हात आपोआप भिंतीकडे गेला. चार भिंतींतून चार, तळातून एक. पिशवी बांधून तो निवांत घरी गेला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. पिशवीत पाच काळे दगड निघाले, हा माल बार्शीटाकळीच्या खाणीचा नव्हे, बाहेरचा दगड मिसळल्याबद्दल नेमणूक रद्द.

"सायेब," देवमन म्हणाला, "तेवढाच तं इथला होता."

"म्हणूनच तं फसलास," उत्तमराव म्हणाले. उद्यापासून रोजंदारीवर ये म्हणाले, ट्रक तर येणारच आहे.

चतुराबाईनं तसबिरीपुढचा कागद उचलून लेकाच्या हातात दिला, कचेरीत परत करायला. डोमाजींचा निरोप त्याच आठवड्यात आला. ललितासाठी त्यांनी बडनेऱ्याचा मुलगा पाहिला होता, रेल्वेतला, पक्का.